रेघेच्या आतला पत्ता

साडूभाऊ,

वयाने मोठे म्हणून तुम्हांला नमस्कार, आणि एकाच सासऱ्याने आपल्या दोघांनाही गाठलं म्हणून गळाभेट. अक्कांना वाकून नमस्कार सांगा (हल्ली वाकलो की कंबर धरते, पण कागदावर वाकायला माझं काय जातंय). तुमचा गुडघा काय म्हणतो? दुकान बरं चाललंय ना? आता घड्याळं दुरुस्त करून घेतं कोण म्हणा, ज्याला त्याला वेळ मोबाइलवर फुकट दिसते. पण तुमच्यासारखा कारागीर रिकामा बसला तरी डोळ्याला भिंग लावून बसतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी चाललंय. इकडे आम्ही मजेत. मजेत म्हणजे, आहोत. तुमची मेव्हणी ठणठणीत आहे, निदान आवाजावरून तरी. आमच्या पोरीचा, भिंगरीचा, श्वास मात्र पुन्हा अडायला लागला होता, त्याचं पुढे येईलच, कारण फिरून फिरून सगळं तिथेच येतं.

मला लॉन्ड्रीत नोकरी लागली हे अक्कांकडून कळलं असेल. ती माझ्या अंगच्या गुणांवर लागली असं तुमच्या मेव्हणीने कळवलं असेल तर ती थाप आहे. ती माझ्या पत्त्यावर लागली. आमची गल्ली तुम्ही पाहिली आहे (आला होतात तेव्हा बूट हातात घेऊन आला होतात, आणि मागच्या नाल्याकडे बघून म्हणाला होतात, वारा छान येतो, तेवढा सभ्यपणा मी विसरलेलो नाही). या पत्त्याने आजवर आमचं वाटोळंच केलं होतं. कुठेही कामाला जा, दोन वाक्यं नीट व्हायची, तिसरं वाक्य राहता कुठे, आणि चौथं बरं, कळवतो. मग आमच्यातला प्रत्येक शहाणा माणूस अर्जावर मोठ्या रस्त्यापलीकडच्या एका भाजीवाल्या मावशीचा पत्ता द्यायचा. त्या बिचारीचं लग्नसुद्धा झालेलं नाही, पण कागदोपत्री तिला अख्ख्या गल्लीएवढी मुलं.

आता नगरपालिकेला दया आली. दया आली की या लोकांना नियम सुचतो. ठरलं असं, की जो मालक गरीब वस्तीतली माणसं कामाला ठेवेल त्याला करात सूट. गरीब वस्ती कोणती, हे ठरवायला कुणीतरी नकाशावर रेघ मारली, आणि ती रेघ गेली नेमकी मोठ्या रस्त्याच्या मधोमध. अलीकडे गरिबी, पलीकडे नाही (मधल्या दुभाजकावर एक भिकारी बसतो, त्याचं काय करायचं ते अजून ठरायचंय). झालं! आमचे भाव वधारले. ज्या लॉन्ड्रीच्या मालकाने आमच्यातल्या कुणाला कधी फाटकाशी उभं केलं नाही, तो स्वतः गल्लीत आला, चिखलातून आला, आणि मुलीसाठी स्थळं बघावीत तशी घरोघर माणसं बघत फिरला. माझ्या ओल्या भिंतीकडे बघून तर त्याचा चेहरा असा उजळला की मला आपल्या दारिद्र्याचा प्रथमच अभिमान वाटला.

नियम चांगला नव्हता असं मी म्हणणार नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. तिसऱ्या घरची लंगडी म्हातारी आज घडीच्या टेबलावर बसून पगार घेते, तो या रेघेमुळेच. पण जिथे गूळ तिथे मुंगळे. पलीकडचा शिंपी, ज्याने जन्मात आपल्या पोरांना आमच्या बाजूला पाऊल टाकू दिलं नाही, तो हात जोडून आला, की मेव्हण्याला नोकरी हवी आहे, राहणार नाही तो, नुसता पत्ता द्या. आमच्या न्हाव्याच्या एका खुर्चीच्या दुकानात आता कागदावर इतकी माणसं राहतात की सगळे एकदम शिंकले तर आरसा फुटेल. शिंप्याचा मेव्हणा त्यातलाच एक. ही लबाडी वाढली तसा नगरपालिकेने एक पडताळणीवाला नेमला. तो भल्या पहाटे येतो, घरात शिरतो आणि आधी शेगडीला हात लावून बघतो, की इथे खरंच कुणी रांधतं का. गल्लीत त्याला शेगडीसाहेब म्हणतात. माणूस सज्जन, चप्पल बाहेर काढतो.

माझं काम रोलरवर. आमच्याकडे इस्पितळांच्या चादरी येतात. ओली चादर इकडून सारायची, तिकडून ती गरम आणि कडकडीत कोरडी बाहेर पडते. दिवसभर मी परक्यांच्या चादरी वाळवायचो आणि संध्याकाळी घरी येऊन ओल्या भिंतीला पाठ लावून झोपायचो. तुम्ही म्हणाल भिंतीचं काहीतरी करायचं. केलं ना! पहिल्या पगारात गिलावा काढला, नवा केला, वर पिवळा रंग दिला. मी आणि भिंगरीने मिळून दिला, तिच्या केसांतसुद्धा पिवळा होता. आणि दुसऱ्याच दिवशी शेगडीसाहेब आले. त्यांनी रंगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच विचारलं की तुम्ही नक्की इथलेच ना. मालकाला कळलं तर तो चिडला, म्हणाला एवढी काय घाई होती चकचकीत व्हायची. सुदैवाने आमच्या भिंतीतली ओल फार इमानी. महिन्याभरात रंग फोडून बाहेर आली, काळी बुरशी परतली, आणि माझी नोकरी वाचली.

बुरशी परतली तशी भिंगरीची धाप परतली. ती पोर तुम्ही धावताना पाहिली आहे. नाव भिंगरी उगाच नाही पडलं, एका जागी ठरत नसे. आता दोन पावलं चालली की भिंतीला हात लावून उभी, आणि खांदे असे वरखाली. आपण काही विचारलं तर बोटाने थांबा म्हणते, आधी श्वास, मग उत्तर. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, तोंडात मारायचा फवारा दिला, आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की हे सगळं मी देत राहीन, पण खोली बदला, ही खोली तिला मारेल. अशी सरळ म्हणाली. मला राग आला तिचा. मग राग धरायला दुसरं कुणी नाही हे लक्षात आलं.

आणि खोली मिळाली हो! पलीकडे, रस्त्यालगतच, दुसऱ्या मजल्यावर. घरमालकीण निवृत्त नर्स, एकटी. भिंगरीच्या छातीला कान लावला आणि म्हणाली उद्याच या. खिडकीतून सकाळचं ऊन थेट पलंगावर. तुमची मेव्हणी त्या भिंतीला नुसता हात लावून उभी राहिली, कोरडी आहे, कोरडी आहे, म्हणत. मी आनंदाच्या भरात लॉन्ड्रीत सगळ्यांना चहा पाजला. चहा पिता पिता कारकुनाने विचारलं, खोली कुठे, आणि मी पत्ता सांगितल्यावर त्याने कप खाली ठेवला. तेव्हा मला कळलं की रेघेपलीकडे झोपणाऱ्या माणसावर मालकाला सूट मिळत नाही. मालकाने आत बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, फार प्रेमाने बोलला. मी तुला काढणार नाही रे, म्हणाला, फक्त तू मला परवडणार नाहीस.

म्हणजे बघा आता. पलीकडचं भाडं द्यायचं तर ही नोकरी हवी, आणि ही नोकरी टिकवायची तर अलीकडे राहायला हवं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, दुसरं काय. दुसरीकडे काम शोधायचं तरी तेच, इतर मालकांनाही आता सूट मिळवून देणारा, म्हणजे अलीकडे झोपणारा माणूसच हवा आहे. शेवटी तुमच्या मेव्हणीने तोड काढली (ती तुमच्या सासऱ्यांचीच मुलगी, वाकडी वाट तिला आधी दिसते). ती आणि भिंगरी पलीकडे राहणार, मी अलीकडे. संसार एकच, मधून फक्त वाहतूक (नियमाला सगळं कुटुंब रेघेच्या आत लागतं, म्हणून हे गुपचूप). संध्याकाळी चोरासारखा रस्ता ओलांडायचा, जेवायचं, भिंगरीला झोपवायचं, आणि परत नाल्याकाठी.

सांगू का, तो दीड-दोन महिन्यांचा काळ सोन्याचा होता. फवारा कपाटात पडून राहिला. एके दिवशी मी जिना चढून वर गेलो तर पोरगी खोलीच्या मधोमध हात पसरून गरागरा फिरत होती. मी दारातच बसलो. तुमच्या मेव्हणीने विचारलं, काय झालं, कंबर का, आणि मी हो म्हटलं.

मग शेगडीसाहेब आले. शेगडी गार. जेवता कुठे, म्हणाले. मी म्हटलं, भूक मेली आहे. त्यांनी दुसरं ताट शोधलं, नव्हतंच ते, आणि विचारलं, बायको कुठाय? साडूभाऊ, माणसाने खोटं बोलायचं तर आदल्या दिवशी ठरवून ठेवावं. माझ्या तोंडून निघून गेलं, की सोडून गेली. ते बिचारे इतके ओशाळले की माझंच सांत्वन करायला लागले. तेव्हापासून मी रोज पहाटे उठून शेगडीवर नुसतं पाणी उकळायचो आणि ओतून द्यायचो, न जाणो पुन्हा आले तर. पण गोष्ट लॉन्ड्रीत पोचली. घडीवाल्या बायकांनी माझ्यासाठी डबे आणायला सुरुवात केली. लंगड्या म्हातारीने आपली एक विधवा भाची सुचवली, स्वभावाने गरीब आणि मुख्य म्हणजे रेघेच्या आत राहणारी. तुमच्या मेव्हणीला हे घरमालकिणीकडून कळलं. मी तुम्हांला टाकलं काय, म्हणाली, थांबा, आता टाकतेच. दोन दिवस मला खरोखरच जेवायला मिळालं नाही, ते डबे होते म्हणून निभावलं.

त्या थापेची एक बाजू मात्र हसण्यावारी नेता येत नाही. सोडून गेलेली बायको रस्त्यात नवऱ्याशी बोलत नसते, म्हणून आम्ही भिंगरीला समजावलं की हा खेळ आहे, रस्त्यात बाबा दिसले तर हाक मारायची नाही. एकदा ती समोरून आली, आईचा हात धरून. मी तिला बघितलं, तिने मला बघितलं, आणि तिने निमूट मान खाली घातली. एवढीशी पोर, पण काय तो शहाणपणा! त्या दिवशी मी कामावर सगळ्यांना डोळ्यांत वाफ गेली म्हणून सांगत होतो.

म्हणूनच तिने सुट्टीच्या दिवशी हट्ट धरला, की आज बाबांकडेच झोपणार, तेव्हा माझ्याने नाही म्हणवलं नाही. आई म्हणत होती नको. मी म्हटलं, एका रात्रीने काय होतंय. अंथरूण भिंतीपासून लांब घातलं, खाली लॉन्ड्रीतून आणलेलं जाड कापड घातलं. पहाटे पाण्याचं भांडं शेगडीवर ठेवायला उठलो तर ती बसलेली होती. झोपलेली नव्हती, बसलेली, दोन्ही हात जमिनीवर रेटून, आणि ओठ निळे. फवारा पलीकडच्या कपाटात. मी तिला उचललं आणि बनियनवर धावलो. मोठ्या रस्त्यावर येऊन मी जी हाक मारली तिने पलीकडचे दिवे लागले. तुमची मेव्हणी खिडकीत आली, अहो, म्हणून ओरडली, आणि केस मोकळे, पाय अनवाणी, फवारा मुठीत धरून धावत खाली आली. आणि हे सगळं शेगडीसाहेब बघत उभे होते, कारण त्यांची त्या दिवशी आमच्याच गल्लीची फेरी होती.

माणूस वाईट नाही, हे मी पुन्हा सांगतो. त्यांनीच रस्त्यात आडवं उभं राहून एक गाडी थांबवली. त्यांनीच भाडं दिलं. सबंध वाटभर तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. इस्पितळात तिला आत नेलं, नळी लावली, तोवर ते आमच्याबरोबर बाकावर बसून होते. मग घरी जाऊन त्यांनी अहवाल लिहिला. खरं तेच लिहिलं, कमी नाही, जास्त नाही. त्यांच्या जागी खोटारडा माणूस असता तर आम्ही वाचलो असतो.

भिंगरी वाचली. तिच्या अंगाखाली आमच्याच लॉन्ड्रीची चादर होती, कोपऱ्यावर शिक्का, आणि मधोमध एक सुरकुती राहून गेलेली. मी ती हाताने सारखी करत बसलो होतो, तेवढंच काम मला तिथे येत होतं. डॉक्टरीणबाई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, की आता त्या खोलीत एक रात्रसुद्धा नाही.

मालकाचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. कुटुंब एका छपराखाली, रेघेच्या आत, महिनाअखेरीपर्यंत. नाहीतर नाव कमी. मी म्हटलं सोडतो नोकरी, घाला खड्ड्यात. तुमच्या मेव्हणीने विचारलं, मग पलीकडचं भाडं? घरमालकीण थांबली असती महिना, दोन महिने, पण तिचंही पोट त्याच भाड्यावर. तेव्हा सामान परत आणलं, नेलं होतं त्याच हातगाडीवरून. आता पलीकडच्या त्या उन्हाच्या खोलीत कोण आलंय माहीत आहे का? शिंप्याचा मेव्हणा. कामाला तो माझ्याच शेजारच्या रोलरवर, सूट त्याच्यावर बिनबोभाट चालू. रोज पहाटे तो रस्ता ओलांडून न्हाव्याच्या दुकानात येतो, खुर्चीत चादर पांघरून घोरतो आणि चहाची केटली शेगडीवर ठेवतो. शेगडी गरम, माणूस हजर. शेगडीसाहेबांनी त्याला आदर्श रहिवासी म्हटलंय.

असो. लिहायला बसलं की असं होतं, तुम्हांला माझी सवय ठाऊकच आहे. दुखण्यांचं पुराण लावून तुमचा वेळ खाल्ला. बाकी सगळं बेस चाललंय, काळजी करू नका. अक्कांना, शेजारच्यांना आठवणीने नमस्कार सांगा. गुडघ्याला जपा.

सासऱ्यांच्या दुसऱ्या चुकीचा धनी,
तुमचा धाकटा साडू

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. तुम्ही लग्नात दिलेलं भिंतीवरचं घड्याळ ओलीने बंद पडलंय. तुमच्याकडे पाठवलं तर बघाल का, एवढं विचारायचं होतं. घाई नाही.

ता. क. २. घड्याळाचं जाऊ दे, ते मरो. नियमात एक वाट आहे, ती कारकुनाने मला एकट्याला गाठून सांगितली. मूल शिकण्यासाठी नातेवाइकांकडे राहिलं तर ते घरात नाही असं धरत नाहीत, फक्त नवराबायको आत हवीत. तुमचं घर कोरडं आहे. शाळा समोर आहे. अक्कांना पोर हवं होतं, हे मी कधी बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतं, पण आता निर्लज्ज होऊन बोलतो. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात. आमच्याकडे मायला मरायलाही सवड नाही, पण मावशी लागणार आहे. खर्च मी पाठवीन. तुम्ही हो म्हणावं म्हणून पाया पडतो, आणि या वेळी कागदावर नाही पडत.

ता. क. ३. तुमच्या उत्तराची वाट बघणार होतो, पण वाट बघायची म्हणजे तिला कुठे झोपवायचं? आजवर नर्सबाईंनी आपल्या खाटेशेजारी झोपवलं, पण नव्या भाडेकरूला तिच्या धापेची रात्रीची कुरकूर चालेना. आमच्या लॉन्ड्रीची गाडी तुमच्या गावच्या इस्पितळात चादरी टाकायला येते. गाडीवाला भला माणूस आहे. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे पाकिटावर तिकीट नाही त्यावरून तुमच्या आधीच ध्यानात आलं असेल. तिला आम्ही चार दिवस मावशीकडे एवढंच सांगितलंय. फवारा पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. आणि पत्र मी मुद्दाम लांबवलं, साडूभाऊ. तुम्ही शब्द न् शब्द वाचणारे. इथवर येईतो गाडीवाला चादरी टाकून परतीच्या वाटेला लागलेला असेल. ती दाराशी उभी असेल. तुमचा जिना चढून आली आहे, आता लगेच काही विचारू नका, तिला उत्तर देता यायचं नाही. आधी आत घेऊन बसवा.